चंदाच्या पेटीतली पिसं

यादोराव हटवार भंडाऱ्याला रीना लांजेवारच्या ऑफिसात आले ते पोपटाची तक्रार घेऊन. कैलाशला हसू आवरेना. रीनाकडे एरवी लग्नाआधीच्या चौकशीची कामं येतात, आणि तिचा हा चुलतभाऊ स्वतःला तिचा उजवा हात समजतो. गाडी तो चांगली चालवतो, एवढं मान्य करायला हवं.

"हसू नका, भाऊ," म्हातारा म्हणाला. "त्या पोपटापायी माही मोठी सून घरातून चालली."

हकिकत अशी होती. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून झाडं तोडली, तेव्हा एका ढोलीतलं पिल्लू त्यांच्या थोरल्या मुलानं, ताराचंदनं, घरी आणलं. मिठ्ठू त्याच्याच आवाजात बोलायला शिकला, आणि शिकला ते एकच वाक्य: "चंदा, चाय ठेव." चंदा ही ताराचंदची बायको. ताराचंद तापानं गेला, तरी मिठ्ठूची हाक चालूच राहिली.

दिवाळीनंतर मिठ्ठूची पिसं जायला लागली. आता चंदाच्या पेटीत पिसांची जुडी सापडली होती. मिठ्ठू आपल्याकडे आणला म्हणून तीच जळून पिसं उपटते, असं सासू आनंदाबाईंनी घरभर केलं. उद्या चंदाचा भाऊ तिला न्यायला सिहोऱ्याहून येणार होता.

"हा ठपका घेऊन गेली, तं ते वापस येनार नाही," यादोराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. कैलाशनं मुकाट्यानं गाडीची किल्ली उचलली.

हटवारांच्या घरी पिंजरा आनंदाबाईंच्या खोलीत होता. मिठ्ठूची छाती आणि पोट सोललेल्या कोंबडीसारखं उघडं पडलं होतं. डोकं मात्र हिरवंगार, पंख आणि शेपूटही जागच्या जागी. रीनानं वाकून खाटेखाली पाहिलं. तिथे बारीक हिरवी लव कोपऱ्यात गोळा झाली होती.

आनंदाबाई पूजा आटोपून आल्या. त्यांची बोटं कुंकवानं लाल होती. दिवाळीत पिंजरा आपणच इथे आणला आणि चंदाला हात लावायची बंदी केली, हे त्यांनी ठसक्यात सांगितलं. रात्री दाराला आतून कडी असते आणि दिवसाही त्या खोली सोडत नाहीत. मग चंदा पिसं उपटते तरी कधी, असं रीनानं विचारताच त्या बिथरल्या.

"जळणाऱ्याले येळ सापडतेच. माह्या पोराची वस्तू हाय ते. मायजवळ नाही राहन तं कोनाजवळ राहन?"

धाकटी सून कामिनी बोलायला फटकळ.

"खोटं काहून बोलू? मले चंदाताईचा राग येते. मेलेला मानूसबी तिलेच हाक मारते. माह्या जित्या नवऱ्याले माहं नाव घ्याले लाज वाटते."

पेटीतली पिसं तिलाच सापडली होती. चंदाच्या पेटीतून गोधडी आण, म्हणून सासूनं पाठवलं होतं. घरातली सगळी कामं जावाजावा वाटून घेतात, फक्त देव्हाऱ्याला सासूबाई कोणाला हात लावू देत नाहीत. मिठ्ठूचं गळलेलं पीसही त्या झाडू देत नाहीत, स्वतः उचलतात. हे सांगताना कामिनीनं नाक मुरडलं.

"हीच," कैलाश रीनाच्या कानात म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

चंदा लुगडी पिशवीत भरत होती. दिवाळीपासून आपण पिंजऱ्याकडे गेलो नाही, एवढंच ती म्हणाली. नंतर हळूच म्हणाली, "तो हाक मारते, मी सैपाकघरातून ऐकतो."

पेटीतली पिसं तिनं समोर ठेवली. पंखाची आणि शेपटीची, लांबलचक. सगळ्यांची मुळं स्वच्छ, कोरडी. एकाच्या टोकाला लाल डाग होता. रक्त, कैलाशनं जाहीर केलं. रीनानं ते पीस हुंगलं. त्याला कापराचा वास होता.

संध्याकाळी तिनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"पोपटाची चोच सगळीकडे पोचते, फक्त स्वतःच्या डोक्यावर पोचत नाही," ती म्हणाली. "मिठ्ठूचं डोकं तेवढं शाबूत आहे. कडी लावलेल्या खोलीत लव पडली आहे. त्याची पिसं कोणी उपटली नाहीत, तोच उपटतो. डॉक्टरला दाखवा, पण मला कारण दिसतं. ज्या माणसाची सवय, त्या माणसापासून तोडलं की पोपट असं करतो. दिवाळीत त्याला चंदापासून तोडलं."

"मग पेटीतली पिसं?" कैलाशनं विचारलं.

"दादा, छातीची पिसं बोटाच्या पेराएवढी, मऊ. पेटीतली लांब आहेत, आणि मिठ्ठूचे पंख-शेपूट तर जागेवर आहेत. म्हणजे ही पिसं झडायच्या मागच्या मोसमात आपोआप गळलेली. उपटलं तर रक्त मुळाशी येईल. डाग टोकाला आहे, आणि रक्ताला कापराचा वास येत नाही. ते देव्हाऱ्यातलं कुंकू आहे. या घरात गळलेलं पीस एकच माणूस उचलतं. देव्हाऱ्याला तेच हात लावतं. आणि पेटी उघडायलाही त्यानंच पाठवलं."

यादोरावांनी बायकोकडे पाहिलं. आनंदाबाईंनी नाकारलं नाही.

"आवाज माह्या पोराचा, अन् नाव तिचं," त्या म्हणाल्या. "माह्याच खोलीत बसून तिलेच बोलावते. माय म्हन, माय म्हन, किती शिकवलं. नाही म्हनत. ते गेली तं मिठ्ठू तिचं नाव विसरन, वाटलं मले. मी जळलो. होय, मीच जळलो."

यादोराव संतापानं उठले. मिठ्ठू चंदाचा, तिला हवा तर तिनं माहेरी घेऊन जावा, असं त्यांनी सर्वांदेखत सांगितलं. आनंदाबाईंचा चेहरा पांढरा पडला.

चंदा पिंजऱ्याकडे गेली नाही. ती सासूपाशी येऊन बसली.

"मामी, मिठ्ठू तुमाले हाक कायले मारन? त्यायनं जे म्हटलं, तेच तो शिकला. त्यायले मले दहादा बोलवा लागे, तवा चाय भेटे. तुमी तं हाकेच्या आंधीच ताट घेऊन उभ्या राहत होत्या. तुमाले बोलवाची पाळी त्यायच्यावर आलीच नाही."

आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मोठ्यानं रडल्या. कोणी त्यांना थांबवलं नाही. कैलाशही दुसरीकडे पाहत राहिला.

मग यादोरावांनी चंदाच्या भावाला फोन लावला. उद्या येऊ नको, एवढं ते म्हणतात तोच आनंदाबाईंनी पदर बाजूला केला.

"येऊ द्या त्याले," त्या म्हणाल्या. "त्याले म्हना, जेवाले ये. न्याले नको येऊ."