रिकाम्या रकान्यातली पट्टी

ही गोष्ट ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग दाराकडे. बघू दे. विश्वास कुणी ठेवणार नाही, याची हमी आपली.

तळघरातल्या प्रयोगशाळेत ताईचं काम ठरलेलं. जेलची वडी ओतायची, तिच्या वरच्या खाचांत चमकता रंग लावलेला डीएनएचा तुकडा भरायचा, वीज सोडायची. मोकळा डीएनए सुसाट तळाशी पळतो. प्रथिनाने धरलं की रेंगाळतो, त्याची पट्टी वरच दिसते. एवढंच शास्त्र.

पण या खेपेला प्रथिन तिच्या धाकट्या भावाच्या रक्तातलं होतं. तो समोरच्या इमारतीत खाटेला खिळलेला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "त्याचं प्रथिन डीएनएला धरत असेल तरच औषध लागू पडेल. नसेल तर घरी न्या, लाड करा."

पहिल्या खाचेखालचा रकाना रिकामा, म्हणजे नुसता डीएनए आणि प्रथिनाऐवजी पाणी, ताळा पाहायला. दुसऱ्यात धाकट्याचं प्रथिन घातलेला.

जेलचा फोटो आला. धाकट्याची पट्टी पार तळाशी. आणि प्रथिन नसलेली मध्येच थबकलेली.

"काहीतरी सांडलं असणार," मदतनीस काका म्हणाले. "पाण्याला काय हात फुटतात होय, बाई?"

तिने पाणी बदललं, नळ्या बदलल्या, जेल नव्याने ओतलं. पट्टी आणखी वर. चिवटातल्या चिवट प्रथिनाची पकड सोडवणारं मीठ घातलं. पट्टी खाचेच्या तोंडाशीच अडली. तिने जेलवर बोट टेकवलं. सगळी वडी गार, तेवढीच जागा कोमट. फोटो मोठा करून पाहिला तर पट्टीवर चार बारीक चिरा होत्या, मुठीत दोरी आवळल्यावर बोटांच्या मध्ये राहतात तशा.

काकांनी तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"मी जेवून येतो," ते म्हणाले. ते नुकतेच जेवून आले होते.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, फोटो आजच हवा. ताईने फोटोतल्या दोन्ही रकान्यांवरच्या नावांची अदलाबदल केली. आणि फोटो पाठवून दिला.

"चांगलं धरलंय की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या औषध सुरू करू."

ताई तशीच धाकट्याच्या खोलीत गेली. खिडकीत लख्ख ऊन होतं.

"अरे, धरलं बघ तुझ्या प्रथिनानं. सोडायला तयार नाही, अगदी तुझ्यासारखं हट्टी."

तो हसला नाही.

"खोटं बोलतेस, ताई. माझं तळाला पळालं. तू रिकामा रकाना दाखवलास."

"काका बोलले का तुला?"

त्याने चादरीखालून उजवा हात काढला. मूठ आवळलेली, पांढरीफटक. बोटांच्या फटींतून जेलमधला रंग चमकत होता.

"काकांनी कशाला सांगायला हवं? तिथं मीच धरून बसलोय," तो म्हणाला. "हात फार भरून आलाय गं. सोडू का?"