शेठचं गुपचूप जेवण

"तुम्ही एवढ्या कोंबडीच्या माना एकटेच खाता का?"

प्रश्न ठिणगीचा नव्हता. तिच्या तिघी मैत्रिणींचा होता. "हिंमत असेल तर विचारून दाखव," म्हणत त्यांनीच तिला रस्ता ओलांडायला लावलं होतं, आणि आता पलीकडच्या फूटपाथवर एकाच छत्रीमागे तोंडं लपवून खिदळत होत्या. ठिणगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, पण "हिंमत असेल तर" हे शब्द कानावर पडले की तिचं वय एकदम आठ व्हायचं. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

चिकनच्या दुकानापुढे उभा असलेला तो उंच मुलगा वळला. बाहीला काळं ग्रीस, हातात दोन जड पिशव्या. रोज संध्याकाळी तो किलोभर माना आणि हृदयं घेऊन जायचा, म्हणून मैत्रिणींनी त्याचं नाव मानमोड्या ठेवलं होतं.

"एकटा कुठे?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "घरात पाच जण आहोत. दोघं भुंकतात, दोघी म्याव करतात, आणि मी फ्रीज दुरुस्त करतो."

ठिणगीला हसू आलं... आणि नको तेव्हा आलं, म्हणून ती लाल झाली.

"मग शिजवता कधी एवढं?"

"शिजवत नाही. कच्चंच देतो."

"कच्चं? शी!"

"मांजर उंदीर पकडल्यावर गॅस पेटवतं का?"

ठिणगी दोन पावलं मागे गेली, मग तीन पावलं पुढे आली. "आमचं दुकान आहे, कुत्र्यामांजरांच्या बिस्किटांचं. त्या कोपऱ्यावर."

"अरे बापरे," तो म्हणाला, आणि त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. "म्हणजे तुम्ही शत्रुपक्षातल्या."

खळी एकाच गालाला पडते, हे मैत्रिणींना सांगायचं नाही, असं ठिणगीने परत येतायेताच ठरवलं.

दुकानाच्या काउंटरवर शेठ बसलेला असायचा. शेठ म्हणजे बाबांचा लाडका बोका. जाहिरात म्हणून बसवलेला, पण तब्येत अशी की बघून गिऱ्हाईकानं विचारात पडावं. केस राठ, पाठीवर कोंडा, आणि वजन तर विचारू नका. खाली उतरायचं तर आधी खुर्ची, मग स्टूल, मग जमीन, वाटेत दोनदा विश्रांती. "खात्यापित्या घरचा आहे," बाबा म्हणायचे. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "असाच फुगत राहिला तर साखरेचा आजार होईल." त्यावर बाबांनी दुसऱ्या चवीची बिस्किटं काढली.

पुढच्या आठवड्यात ठिणगी पुन्हा चिकनच्या दुकानापाशी गेली. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

"आमच्या बोक्याला कच्चं द्यायचं, तर ते शिकायचं कसं?" तिनं विचारलं.

"हळूहळू," तो म्हणाला. "कच्चं म्हणजे कसंही नव्हे. नुसतं मांस दिलं तर हाडं कमजोर होतात, आणि लिव्हर जास्त झालं तरी वाईट. मीच एकदा प्रेमापोटी भरपूर लिव्हर दिलं होतं, डॉक्टरीणबाईंनी माझी शाळा घेतली. आणि हाड शिजवलेलं कधीच द्यायचं नाही, त्याचे काटे होतात. एकट्या माझ्या म्हाताऱ्या कुत्रीला कच्चं सोसतच नाही, तिला मी मांस शिजवून देतो."

"म्हणजे तुमचं तत्त्व वगैरे काही नाही?"

"आहे की. ज्याच्या पोटात जायचं, त्याला विचारायचं."

ठिणगी घरी जाईपर्यंत ते वाक्य तोंडात घोळवत होती.

दुपारी बाबा जेवायला घरी जायचे, तेव्हा दुकान तिच्याकडे असायचं. तेवढ्यात स्कूटरवरून तो यायचा आणि कागदात गुंडाळलेलं गार पाकीट हातात ठेवायचा. बोटाला बोट लागायचं. त्याची बोटं बर्फासारखी... तिची मात्र भाजल्यासारखी. मैत्रिणींना त्यांचे मित्र फुलं द्यायचे. ठिणगीला कोंबडीची हृदयं मिळायची, आणि तिला ती जास्त आवडायची.

पण शेठ ढिम्म. पाकीट कोमट पाण्यात धरून गारवा घालवला, चमच्याने भरवलं, लाडीगोडी केली. त्याने पंजाने जमीन खरवडून ते गाडल्यासारखं केलं आणि पाठ फिरवली.

"हट्टाला पेटून उपाशी नाही ठेवायचा हं," तो म्हणाला. "मांजर फार वेळ उपाशी राहिलं तर लिव्हर बिघडतं. नाही खाल्लं तर सरळ बिस्किटं दे."

तुम्हीवरून तो तूवर कधी आला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे तिच्या आलं होतं.

"दे काय, देतेच," ठिणगी म्हणाली. तिने दुकानातल्या डब्यातली बाबांची दोन बिस्किटं मुठीत चुरली आणि मांसावर भुरभुरली. शेठने वास घेतला. एकदा तिच्याकडे, एकदा ताटलीकडे बघितलं. आणि खाल्लं, ताटलीसकट चाटून.

"हे मला कधी सुचलं नव्हतं," तो हळूच म्हणाला, पण बघत होता तो शेठकडे नाही.

काही महिन्यांत शेठ काउंटरवरून थेट जमिनीवर उडी मारायला लागला. केस असे चमकायला लागले की गिऱ्हाईकं हात फिरवल्याशिवाय जाईनात. आणि बाबा? बाबा छाती फुगवून म्हणायचे, "सगळी आपल्या बिस्किटांची करामत." डबे धडाधड खपायला लागले. ठिणगी खाली मान घालून सुटे पैसे मोजायची.

एकदा तो दुकानातच आला, पाण्याचा कूलर बघायला. बाबांनी त्यालाही सोडलं नाही. "बघा हो फ्रीजवाले, आमचा शेठ! मोठी पाटी करतोय. त्याचा फोटो आणि खाली, 'फक्त आमच्या बिस्किटांवर वाढलेला'."

त्याने ठिणगीकडे फक्त एकदा बघितलं आणि पाना पिशवीत टाकला.

ती मागोमाग पायऱ्यांपर्यंत गेली. "बोलून का नाही टाकलंस?"

"तुझे बाबा आहेत. तुझं बोलणं मी कसं बोलू?"

"त्यांना किती आनंद झालाय, बघितलंस ना? मी कशी..."

"मी रागावलो नाहीये," तो म्हणाला. स्कूटरची किल्ली उगाच या हातातून त्या हातात घेत राहिला. "पण मला तू आवडतेस. खूप. आणि मांस फ्रीझरमध्ये लपवून ठेवता येतं, माणूस नाही. मी दुपारच्या पाकिटाबरोबर येणारा मुलगा म्हणून नाही राहणार... कायमचा."

स्कूटर गेली. ठिणगी तिथेच उभी राहिली. आधी तिला रडू आलं. मग त्याचा राग आला, मग स्वतःचा आला. आणि एकदा राग आल्यावर ठिणगीला थांबवणं कुणाला जमलंय?

त्याच संध्याकाळी घरी बाबा टेबलावर शेठचे फोटो पसरून बसले होते. "यातला कुठला पाटीवर शोभेल, सांग बरं."

"कुठलाही, पण ते वाक्य नाही," ठिणगी म्हणाली. "बाबा, शेठ कच्चं मांस खातो. मी देते, रोज दुपारी. बिस्किटांवर वाढलेला शेठ तो मागचा, ढब्बू."

आईच्या हातातला चमचा थांबला. "माझ्या भांड्यात?"

"नाही गं, त्याची ताटली वेगळी. हातही साबणाने धुते."

बाबांनी हातातला फोटो टेबलावर पालथा घातला. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस माझ्याच दुकानात मला वेड्यात काढलंस?"

"हो. ते चुकलं माझं. त्याबद्दल रागवा, कितीही. पण शेठ बरा झालाय, ते चुकलेलं नाही."

"आणि ही अक्कल कुणाची?"

"फ्रीजवाल्याची."

"तरीच," आई म्हणाली. "फ्रीज ठणठणीत आहे, तरी मेला दर आठवड्याला घरी त्याचा गॅस तपासायला येतो."

ठिणगीचे कान तापले, पण मान खाली गेली नाही. तिने फोटो गोळा करून नीट रचले आणि आईबाबांच्या मधोमध खुर्ची ओढून बसली.

"आता नीट ऐका. परीक्षा झाली की दुकानाच्या मागच्या खोलीत मी फ्रीझर ठेवणार आणि कच्चं विकणार. ज्याला बिस्किटं हवीत त्याला बिस्किटंही मीच देईन, पण खोटं सांगून नाही. मागची खोली दिली नाहीत तर समोरचा गाळा रिकामा आहे. आणि रविवारी तो घरी येणार आहे. गॅस तपासायला नाही. मी त्याला निवडलंय. त्याला चहा विचारायचा की नाही, तेवढंच तुम्ही ठरवा."