मेणातला वाकडा सुळा

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. माझी मावसबहीण थापा मारणाऱ्यांतली नाही. आणि हे घडलं भर दुपारी. मंगळवार, अडीचचा सुमार.

ती कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागे तिची खोली. स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण, आणि त्या मेणात एकेक करून बसवायचे दात.

तिच्या वडिलांची कवळीही तिनेच केली होती. "डावा सुळा माझा होता तसा वाकडाच ठेव, ठमे. नाहीतर आरशात मी मलाच सापडायचो नाही," असं म्हणाले होते. ठमी तिला तेवढे एकटेच म्हणायचे.

ते जाऊन महिना झाला होता.

शेवटी शेवटी ते भरवलेला भात गालात धरून ठेवायचे. तासाभराने तो आंबूस लगदा ती बोटाने काढायची. मग कवळी घासायची. तिला शिसारी यायची. बापाची किळस येते, याचीही किळस यायची.

शेवटच्या दुपारी ती ओरडली, "गिळा एकदाचं!"

संध्याकाळी ते गेले. घास तोंडातच होता.

लोक म्हणाले, लेकीने सेवा केली हो.

तेव्हापासून तिचं मन उदास. अशा मनाला निमित्तच लागतं. मेण वितळलं, वास आला, की हात कामात आणि मन थेट बाबांच्या गालात.

त्या मंगळवारीही एका आजींची कवळी करताना तंद्री लागली. भानावर आली तर... सगळे दात बसवून झालेले.

डावा सुळा वाकडा.

तिने तो काढून सरळ बसवला. पुन्हा मेणाचा वास. पुन्हा तंद्री...

पुन्हा वाकडा. आणि त्याच्या मुळाशी...

भाताचं शीत. ओलं, चिकट.

महिनाभर तिने भाताला हात लावला नव्हता.

शीत चिमट्याने काढलं. सुळा सरळ केला. तेवढ्यात डॉक्टरांची हाक आली, "झालं का? आजी खोळंबल्यात."

आजींनी मेणातली कवळी तोंडात बसवून पाहिली. तोंड वाकडं केलं.

"अगं, आंबूस लागतंय काहीतरी."

"मेण आहे, आजी," डॉक्टर म्हणाले. "साठपासून मोजा बघू. उच्चार कळतील."

"साठ... एकसष्ट... बासष्ट..."

आजी थांबल्या. त्यांचा एक गाल हळूहळू फुगला...

घशातून घोट उतरल्याचा आवाज आला. मग घोगरा, पुरुषी स्वर.

"गिळलं गं, ठमे."

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्रेसष्ट," आजी म्हणाल्या.

तिने कवळी परत हातात घेतली. सुळा वाकडा होता.

परवा ती आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा हे सांगितलं. मी समजूत घातली, "म्हणजे माफ केलं गं त्यांनी तुला."

तिने नुसती मान हलवली. आमची ताटं केव्हाच वाळली होती.

तिचा पहिला घास अजून गालातच होता.