महामायेची ओटी

बाजारात मी गेले होते ती खण-नारळ घ्यायला. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आदल्या दिवशीच झाली होती. आमच्या बुलढाण्याकडे अखजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आमरसावर ताव मारतात आणि सण सरला की ओटी भरून घेऊन आपापल्या सासरी परततात. माझी नणंद संध्याकाळच्या एसटीनं निघणार होती. तिच्या ओटीचं सामान पिशवीत टाकलं, पसाभर गहूही तिथंच घेतले, आणि म्हटलं, जाता जाता प्रेरणाला डबा देऊन यावा. एवढंच काम होतं हो माझं.

प्रेरणा माझी मुलगी. पुण्यातली चांगली नोकरी सोडून परत आली आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलींसाठी तिनं अभ्यासिका काढली. खेड्यापाड्यातल्या पोरींना घरी अभ्यासाला कोपरा मिळत नाही, तो तिला द्यायचा होता. लोकांनी तिला वेड्यात काढलं, मीही थोडं काढलं. जागा मिळाली ती मंडळाच्या हॉलची. दगडी भिंती, उंच छत आणि मधोमध सागवानाचं एक मोठं गोल टेबल. ते कुणाला कधी हलवता आलं नाही.

मंडळ म्हणजे परलोकविद्या मंडळ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या वकील, मास्तर, कचेरीतल्या हुद्देदारांना विलायती पुस्तकं वाचून मेलेल्यांशी बोलायचा नाद लागला होता. टेबलाभोवती बसायचं, तळवे टेकायचे, आत्म्याला बोलवायचं, की आत्मा म्हणे ठक् ठक् करून उत्तर देणार. पण आत्म्याला यायला एक जिवंत माणूस लागतं. त्या जागी मंडळाच्या अध्यक्ष वकिलांनी आपली बायको बसवली. स्वतः नाही बसले! ती महामाया. धामणगाव बढेची लेक, माझ्या पणजोबांची बहीण.

एका अखजीच्या तोंडावर, भर दुपारी, त्या टेबलाशी बसून ती काहीतरी बोलली. काय बोलली ते त्या शहाण्या मंडळींपैकी एकानंही मरेपर्यंत सांगितलं नाही. सगळे बाहेर पळाले आणि नवऱ्यानं बाहेरून कडी घातली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती ताठ बसलेली होती. तळवे टेबलावर, डोळे उघडे आणि जीव गेलेला. अंगावर ओरखडा नाही. डॉक्टरला कारण सापडलं नाही. माहेरची बैलगाडी तिला अखजीसाठी न्यायला आली होती, ती तशीच दारातून परत गेली. सासरचे म्हणाले, ती मंडळाची होती. माहेरचे म्हणाले, दिल्या घरी गेली. अखजीला गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, तिच्या नावानं ती कुणीच भरली नाही.

वकिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्या दुसरीचे नातू अर्जुनराव हे हॉलच्या ट्रस्टचे सर्वेसर्वा. त्यांना तिथं खताचं गोडाऊन करायचं होतं. प्रेरणाला हॉल देताना त्यांनी अट घातली होती. अखजीपर्यंत मुली टिकल्या तर हॉल तिचा, नाहीतर चावी परत.

आणि मुली टिकत नव्हत्या. दुपार झाली की टेबलावर ठक् ठक् व्हायचं. पोरी आधी एकमेकींवर ओरडायच्या, मग गप्प व्हायच्या. टेबलाच्या एका जागी दोन तळव्यांएवढा भाग ऊबदार लागायचा, जणू कुणी आत्ताच हात उचलले. एकेक करून पोरींनी पुस्तकं उचलली.

मी पोचले तेव्हा अर्जुनराव चावी मागायलाच आले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आत मात्र गारवा होता, आणि शिकेकाईचा वास. आत्ताच न्हायलेल्या ओल्या केसांचा येतो तसा.

"काका, दोघी बसल्या आहेत न अजून," प्रेरणा म्हणत होती. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"थ्या बी उद्या जातीन बेटा." अर्जुनराव माझ्याकडे वळले. "सुलभाताई, मी पह्यलेच सांगतलं होतं. थे जागा लेकरायची नाही. द्या चावी."

ठक्.

पंखा बंद होता. टेबलाजवळ कुणी नव्हतं. त्या दोघी पोरी भिंतीला जाऊन चिकटल्या.

ठक्... ठक्.

"आयकलं?" अर्जुनराव कुजबुजले. "बसेलच हाय थे..."

"कोण?"

"थोरली आजी. आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत ताई."

आता बघा, मी काही शूर बाई नाही. पालीला बघून किंचाळते. पण कुणी मला घाबरवायला लागलं की मला आधी राग येतो, भीती मागून येते. "काऊन घेत नाही? तुमच्याच आज्यानं कडी लावली न?" मी म्हटलं आणि टेबलाकडे गेले.

त्या ऊबदार जागेवर मी हात ठेवला आणि मला एकदम भडभडून आलं. अखजी झाली, गावोगावच्या लेकी आल्या आणि परत निघाल्या, आणि ही एक धड माहेरीही नाही, धड सासरीही नाही. हिला कुणी ऊठ म्हणालंच नव्हतं. मरणाची भीती सगळ्यांना वाटली, त्या बाईची दया एकालाही आली नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मी धामणगावची. तुमच्या भावाची पणती. गाडीले लय उशीर झाला... पण आली मी तुमाले घ्यायले. उठा आता. कडी काढेल हाय."

ठक् ठक् थांबलं.

पण सवाष्णीला रिकाम्या ओटीनं कसं उठवायचं? माझे हात आपोआप पिशवीत गेले. टेबलाच्या कडेला हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं गहू घातले.

गहू हलले.

हळूहळू, कुणी पदर पसरून ओढून घ्यावेत तसे ते कडेकडे सरकले आणि कडेवरून खाली गेले. मग खण. मग नारळ. मी खाली वाकून पाहिलं. फरशीवर एक दाणा नव्हता.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. शिकेकाईचा वास माझ्या अंगावरून गेला, दाराकडे. दारात उभे असलेले अर्जुनराव बाजूला झाले, घरातल्या बाईला वाट द्यावी तसे. मग चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरले. चावी मागायचं भान त्यांना उरलं नव्हतं.

टेबल गार पडलं होतं. प्रेरणानं त्याच्यावर दोन्ही तळवे दाबून पाहिले, मग माझ्या गळ्यात पडून हसली आणि रडली. त्या दोघी पोरीही येऊन बिलगल्या. मला तर वाटलं, ढोलताशे लावावेत! सव्वाशे वर्षं मोठमोठ्या मिशांना जे जमलं नाही ते चार बायकांनी दुपारच्या जेवणाआधी केलं होतं. संध्याकाळी प्रेरणानं दारावर पाटी लावली, 'महामाया अभ्यासिका', आणि नाव असं ठळक काढलं की समोरच्या रस्त्यावरून वाचता यावं. आठवड्यात जागा पुरेना. हिवऱ्याच्या, साखरखेर्ड्याच्या पोरी येऊन बसू लागल्या. ते टेबलसुद्धा चौघींनी सहज उचलून खिडकीशी नेलं.

मग एके सकाळी अर्जुनराव आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. चावीचं नावही काढलं नाही.

"ताई, तिले घेऊन जा."

"कोणाला?"

"थोरल्या आजीले. त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी... सकाळी पाह्यलं तं उंबऱ्यात माप लवंडेल होतं. तांदूळ पार माजघरापर्यंत सांडले होते. नवी नवरी घरात आल्यावानी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बोलले मी माहेरचं, पण ओटी भरून बाईला निरोप दिला की ती कुठं जाते? सासरी. चूक माझीच होती. पण वाईट वाटलं का म्हणाल तर मुळीच नाही. उलट ऊर भरून आला. जिच्यावर त्या घरानं बाहेरून कडी घातली, ती मानानं, भरल्या ओटीनं, पुढच्या दारानं आत गेली होती.

"अखजी झाली आता अर्जुनराव," मी म्हटलं. "पुढच्या अखजीले धामणगावहून मुराळी पाठवीन तिले आणायले. तोवर लेक सासरीच राह्यते. नांदू द्या तिले."

त्यांनी पोरींकडे एकदा पाहिलं आणि माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाले,

"नांदू देईन ताई. पण मी घरात एकटा राह्यतो. रात्री समद्या कड्या आतून लावतो. थे आली हे समजलं मले... पण तिच्यासाठी माप भरून कोनं ठेवलं?"