पानकान्यांचा माळ

मिठाचं पोतं आणायला मला सेनगावला धाडलं होतं. पन्नास किलो, खडे मीठ. श्रावण लागला होता, सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं आणि आभाळ नुसतं दाटून बसलेलं.

दुकानदार पोतं काट्यावर टाकताना म्हणाला, “काय रे कुलदीप, तांड्यावर लोणच्याचा कारखाना काढला का?”

“जनावरांसाठी,” मी म्हणालो. घरून हेच सांगायला लावलं होतं. आमच्याकडं एक म्हैस आहे. एका म्हशीला पन्नास किलो! जीपच्या टपावर पोतं बांधता बांधता माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की म्हातारा काहीतरी लपवून राहिला.

म्हातारा म्हणजे माझा आजा, धर्मसिंग. तांड्याचा नाईक. आम्ही त्याला दादा म्हणतो. दर श्रावणात तो एकटाच गाडीत एक पोतं टाकून डोंगराकडं जायचा आणि रिकामी गाडी घेऊन यायचा. कोणी विचारायचं नाही. आमच्यात मोठ्यांना विचारणं हाच गुन्हा. मी हिंगोलीत कॉलेजचं दुसरं वर्ष सोडून आलो, तेव्हा मला मात्र अख्ख्या तांड्यानं विचारून घेतलं.

यंदा दादा घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. म्हणून पाळी माझ्यावर आली.

“पानकान्यांच्या माळावर जाय,” बाजेवरून तो म्हणाला. “हरेक खोडाच्या ढोलीत मूठ मूठ टाक. उरलेलं सगळं मधल्या मोठ्या खोडात. आन् मला काही इचारू नको.”

पानकान्यांची गोष्ट तांड्यावरच्या प्रत्येक लेकराला माहीत आहे. कयाधू नदीपासून पैनगंगेपर्यंत एकच रान होतं, तेव्हाची ती. त्या रानात उंच, सडपातळ लोक राहायचे. कान पिंपळाच्या पानासारखे, टोकाला निमुळते. त्यांच्या पहिल्या राणीनं एक झाड लावलं. मग जन्मलेल्या प्रत्येक लेकरामागं एक झाड, असं करत राज्य वाढत गेलं. दगडाला त्यांनी हात लावला नाही. जिवंत झाडं वाकवून, एकमेकांत विणून त्यांनी महाल केले, गल्ल्या केल्या, दरबार केला. वाघ त्यांना वाट द्यायचा. हजार पावसाळे ते राज्य टिकलं. मग त्यांना गर्व झाला, पाऊस थांबला आणि चाळीस दिवसांत सगळं वाळून गेलं. संपली गोष्ट, झोपा आता.

गर्व झाला म्हणे. मोठी माणसं गोष्ट सांगतात तेव्हा मेलेल्याचीच चूक असते.

माळावर पोचलो तेव्हा दुपार होती. चहूकडं हिरवंगार, पळस, साग, गवत कमरेएवढं. आणि मधे तेवढी काळी उघडी जमीन, गवताची एक काडी नाही. खोडं रांगेनं उभी होती. रांगांच्या मधून नीट गल्ल्या गेलेल्या. मागं ओढ्यात बेडूक ओरडत होते, पण माळावर पाय टाकला आणि तो आवाज कानावर गोधडी दाबल्यासारखा बंद झाला. वास येत होता... ओल्या केसांचा. माणसाच्या ओल्या केसांचा.

मधलं खोड आमच्या घराएवढं रुंद होतं. वाकून ढोलीत पाहिलं. आत, काळ्या मातीत, दोन पानांचा एक कोंब.

तेव्हा मला कळलं. पावसानं नव्हतं मारलं यांना. आम्ही मारत होतो, अजूनही. दर साली, एक पोतं.

मी मीठ टाकलं नाही. अख्खं पोतं ओघळीत ओतलं, पाण्यात जाऊ दिलं. आणि रिकाम्या पोत्यात मोठ्या खोडातली माती भरून घरी आणली, माझ्या बहिणीच्या तिजेसाठी. तिजेला आमच्या कुवाऱ्या पोरी टोपलीत माती भरून गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. वारुळाची माती लागते. मी म्हणालो, याच्यापेक्षा चांगली माती कुठं मिळणार?

दादानं विचारलं, “टाकलं का बराबर?”

“व्हय,” मी म्हणालो. त्याच्याच घरात शिकलो खोटं बोलायला.

माझी बहीण दिपा, एकोणीस वर्षांची. नर्सिंगचा फॉर्म भरून बसलेली. आणि इकडं दादानं तिचं लग्न ठरवलेलं, वाशीमकडच्या एका तांड्यावर. इतवारी पाहुणे येणार, सुपारी फुटणार. दिपा त्याच्या तोंडावर म्हणाली होती, “दादा, तुमाला पोरगं एवढं पसंत हाय तर तुमीच बसा त्याच्यासंग पाटावर.” आई तोंडाला पदर लावून हसली. दादा हसला नाही.

चौथ्या दिवशी बाकीच्या पोरींच्या टोपल्यांत गहू आला, पिवळसर, नाजूक. दिपाच्या टोपलीत गहू उगवलाच नाही. काळपट हिरवी टोकदार पानं आली होती. मी जवळ जाऊन काही बोललो की ती पानं हळूच माझ्याकडं वळायची. गप्प राहिलो की... तशीच थांबायची.

त्याच दिवसापासून दिपानं मीठ सोडलं. “आई, माझी भाजी अळणी काढ.” ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळून ती टोपलीजवळ बसून राहायची.

दादाला दोघांनी धरून अंगणात आणलं तेव्हा त्याची नजर टोपलीवर गेली. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. मला नाही.

“माती कुठली?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. वाटलं, काठी बसेल. पण त्यानं काठी बाजूला ठेवली.

“आपले लोक बैलांवर मीठ लादून फिरायचे,” तो म्हणाला. “पानकान्यांनी वाट दिली, सावली दिली, पाणी दिलं. एकच अट... मिठाचा खडा भुईवर पडू द्यायचा न्हाई. अकरा वर्सं पाळली आपण. मग नाईकाची लेक त्यांनी नेली.”

“नेली का गेली?”

त्यानं तोंड फिरवलं.

“दादा, नेली का ती आपल्या पायानं गेली?”

“तांड्याची इज्जत गेली!” तो खेकसला. “बाराशे बैल होते. बाराशे बैलांचं मीठ एका दिवसात त्यांच्या मुळांवर ओतलं. चाळीस दिवस रान वरडत होतं म्हणतात. आन् तवापासून, दोनशे वर्सं झाली, दर साली नाईकाच्या घरचा माणूस...”

“पोरगी परत आली का?”

“न्हाई,” तो भुईकडं बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दिपा टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली. आम्ही शोधायला निघणार, तोवर चारच्या सुमाराला आपणच परत आली. टोपली नाही, चपला नाहीत, केस ओले. पाऊस तर पडलाच नव्हता.

दादानं मला स्वयंपाकघरातून मीठ आणायला लावलं. “पानकान्याच्या जिभेवर मीठ पडलं की जीभ काळी पडते. ठेव तिच्या हातावर.”

मी ठेवलं. दिपानं ते चाटलं. जीभ लालच होती.

आईनं रडत तिला कवळ्यात घेतलं. दादानं आभाळाकडं पाहून हात जोडले. “आपलीच हाय. आलं लेकरू परत.”

दिपानं रिकामा तळवा माझ्यापुढं धरला. “आजून दे.”

बरणी संपली. दुसऱ्या दिवशी दुसरी आणली, तीही संपली. दादा म्हणतो, चांगलंच हाय, अंगातलं निघून राहिलं. पण मी हिशेब लावत होतो. जे खोड दोनशे वर्षं मीठ खाऊन अजून कोंब काढतं, त्याला मिठानं काय होणार?

आणि दिपा आता भांडत नाही. नर्सिंगचा फॉर्म तिनं चुलीत घातला. पाहुण्यांचं विचारलं तर म्हणाली, “दादा म्हणतील तसं.” म्हातारा खुश. “शहाणी झाली बग पोरगी!”

मी म्हणालो, “दादा, ही दिपा न्हाई.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं, चिडेल. पण त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. जराही नव्हतं. “तोंड बंद ठेव,” तो हळू आवाजात म्हणाला. “इतवारी पाहुणे येऊन राहिले.”

म्हणजे त्याला माहीत होतं. होय म्हणणारी मिळाली ना, मग कोण का असेना.

आज इतवार. पाहुण्यांच्या जीपा तांड्यावर लागल्या तेव्हा मी माळावर होतो. भर दुपार, पण ढगांनी उजेड पार धुरकट केलेला. ओल्या केसांचा तोच वास. मोठ्या खोडाशी दिपाची टोपली पडली होती, उपडी. मी वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट लागली नाही. दोनशे वर्षांचं मीठ, आणि माती साधी गोडी, धुऊन काढल्यासारखी.

तेवढ्यात ढोलीच्या आतून, खूप खालून...

“भाऊ...”

मी ढोलीच्या तोंडाशी कान लावला.

“भाऊ, तूच हायस का? मला खाली... पाय निघून न्हाई राहिले.”

मी आडवा पडून ढोलीत हात घातला. खांद्यापर्यंत गेला, तरी मागं जिथून माती भरली होती तो तळ आता लागला नाही. दुसऱ्या हातानं घरी फोन लावला. कोणीतरी येईल, दोर आणील, आई तरी येईल. फोन दादानं उचलला. मागं गडबड, कपबशांचा आवाज, कोणाचं तरी हसणं.

“दादा, दिपा इथं हाय. खोडात. माणसं पाठवा, तुमच्या पाया पडतो!”

“दिपा माझ्याजवळ बसली हाय,” तो थंडपणे म्हणाला. “हे घे, बोल तिच्याशी.”

खालून आवाज आला, अगदी बारीक, “भाऊ, त्यांना सांग... मी व्हय म्हणलेलं न्हाई.”

फोनमधली गडबड हळूहळू विरत गेली, जणू कोणी फोन घेऊन उठून दुसऱ्या खोलीत गेलं. मग दार लावल्याचा आवाज. मग दिपाचाच आवाज, गोड, कानाला अगदी चिकटून:

“भाऊ... कोण बोलून राहिलं तिथं?”