संघमित्राने धरलेला सूर

या पेजवर ऐकीव गोष्टी बऱ्याच येतात. ही ऐकीव नाही. माझ्या बायकोची आहे आणि माझ्या घरात अजून चालू आहे. पटली नाही तरी चालेल, पण पूर्ण वाचा.

रविवार, ९ मार्च २०२५. दुपारी एक वाजून गेला होता.

मी जळगावच्या एसटी आगारात मेकॅनिक आहे. तेव्हा एका गाडीखाली होतो. खिशातला फोन तीनदा वाजला. हात पुसून बघितलं. भटू, धुळे.

"राजदीपभाऊ, तुम्ही धुळ्याला या."

"काय झालं?"

"या तुम्ही. लगेच या."

"संघमित्राला फोन दे."

पलीकडे फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला.

मग तिच्या गाण्याच्या गटातल्या कुंदाबाईंचा आवाज आला. "राजदीप, संघमित्रा गेली."

मी विचारलं, "कुठे गेली?"

दोनदा विचारलं.

माझी बायको संघमित्रा पाचोऱ्याला पोस्टात होती. मी तिला मित्रा म्हणायचो. बावीस वर्षांचा संसार. तिला दमा होता. आणि तिला नवलचं वेड होतं.

नवल म्हणजे पिंपळनेरचा एक गिटारवाला. त्याला रॉक म्हणतात, असं ती सांगायची. मला ते कधी कळलं नाही. गिटारला तो सायकलच्या ब्रेकची वायर लावायचा. एकदा रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून वाजवलं आणि लोकांना बाहेर उभं केलं. धुळ्यातल्या एका कार्यक्रमात तर चार मिनिटं वाजवून निघून गेला. लोक तासभर बसून राहिले.

भटू त्याचा मोठा चाहता. धुळ्यात त्याचं टायरचं दुकान आहे. तो मला म्हणाला होता, "भाऊ, तो एक तास मी जन्मात विसरणार नाही."

"पण त्या तासात वाजवलं काय?"

"काहीच नाही ना!"

असे अकरा जण होते. माझी बायको धरून अकरा. महिन्यातून एका रविवारी भटूच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नवल वाजवायचा आणि हे ऐकायचे.

त्यांची एक पद्धत होती. ती नीट सांगतो, कारण सगळं तिच्यातच आहे.

नवलला टाळ्या चालायच्या नाहीत. टाळी म्हणजे गाण्याच्या कानफटात मारणं, असं तो म्हणायचा. तो शेवटचा एक सूर वाजवायचा, गिटार खाली ठेवायचा आणि बाहेर निघून जायचा. मग पहिला माणूस तोंड मिटून तोच सूर धरायचा. दम संपत आला की शेजारच्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायची. शेजाऱ्याने सूर घेतला की मगच आपण सोडायचा. असं करत सूर शेवटच्या माणसापर्यंत जायचा. शेवटच्याने तळहात जमिनीवर टेकवायचा. सूर जमिनीला दिला, म्हणायचे. संपलं.

टाळ्यांच्या जागी हे.

आणि शेवटच्या माणसाने हात टेकवेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही, बोलायचं नाही.

शेवटची नेहमी संघमित्रा असायची. दमेकरी बाई, म्हणून हवेसाठी दाराजवळ बसायची. तिथून ती शेवटची झाली, ती झालीच.

त्या दिवशी सकाळी ती चपला घालत होती. मी म्हणालो, "निघाली का वेड्यांची जत्रा?"

"अकरा माणसांची जत्रा नसते हो."

"बारावा मी येतो मग."

"नको. तुम्ही टाळ्या वाजवाल. मलाही हाकलतील."

हसत गेली.

पुढचं मला कुंदाबाईंनी सांगितलं. त्या निवृत्त नर्स आहेत, वय पासष्ट. साखळीत संघमित्राच्या आधी त्याच बसायच्या.

बाराच्या सुमारास नवल बाहेर गेला. साखळी सुरू झाली. बारा वाजून अकरा मिनिटांनी कुंदाबाईंनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. तिने सूर घेतला.

डोळे मिटलेले. पाठ भिंतीला.

अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. लोक एकमेकांकडे बघून हसले. काय दम आहे बाईचा!

दोन मिनिटं झाली...

तिचं डोकं हळूच खांद्यावर आलं. सूर चालूच होता. त्यांना वाटलं, रमली आहे.

तिला कुणी हात लावला नाही. नियम होता.

पाच मिनिटांनी कुंदाबाईंनी नियम मोडला. हात गार होता.

"तीस वर्षं नर्स होते मी, राजदीप," त्या म्हणाल्या. "मला कळायला नको होतं? पण आवाज येत होता रे. आवाज येतोय म्हणजे श्वास आहे, असंच कुणीही म्हणेल ना?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका आला असणार. ती पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच गेली असेल.

मग उरलेली तीन मिनिटं कोण गात होतं?

आणि तो सूर थांबला कधी? मी दहाही जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही.

भटू दर वेळी फोनवर रेकॉर्ड करायचा. त्याने मला ते ऐकवलं. दहा जणांचे सूर एकामागून एक आहेत. त्यात शेवटचा कुंदाबाईंचा आहे. त्यानंतर...

काहीच नाही.

रिकामी पाच मिनिटं. मध्ये भटूचाच हळू आवाज, "वा ताई, वा." आणि शेवटी कुंदाबाईंची किंकाळी.

पुढचा रविवार. १६ मार्च.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम आदल्या दिवशी झाला होता. पाहुणे गेले होते. घरात मी आणि माझी सासू द्रौपदाबाई. त्या एरंडोलजवळच्या खेड्यातल्या. कानाने अधू आहेत. टीव्ही मोठा लावला तरी "काय म्हने?" विचारतात.

भर दुपार होती. त्या मेथी निवडत होत्या. वर पंखा खडखडत होता. तो जुना आहे, खडखडतोच.

एकदम त्याचा आवाज गेला.

मला वाटलं लाइट गेली. वर बघितलं तर पंखा फिरत होता...

कबुतरांचा आवाज नाही. रस्त्यावरच्या रिक्षांचा नाही. मी घसा खाकरला. तोही मला ऐकू आला नाही.

मग दाराजवळून एक बारीक सूर आला. तोंड मिटून धरलेला. तो आला तसं माणसाचं बोलणं तेवढं ऐकू यायला लागलं, बाकी काही नाही.

मी सासूकडे बघितलं. त्यांच्या हातातली काडी तशीच राहिली होती.

"कोन गाई राहिनं?" त्या म्हणाल्या.

कोण गातंय, असं विचारत होत्या.

"मन्ही पोर शे ती," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. माझी पोरगी आहे ती.

घड्याळात बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. आठवडाभर घरात तिचा चहाचा कपसुद्धा हलला नव्हता. आता ती दाराजवळ होती. दिसत नव्हती, पण होती. मी तिथे जाऊन बसलो. पाचेक मिनिटांनी पंखा पुन्हा खडखडायला लागला.

मी रविवारची वाट बघायला लागलो.

सूर दर वेळी जास्त चालायचा. तिसऱ्या रविवारी त्यात काहीतरी वेगळं आलं. खालून एक शिट्टी... बारीक.

ती शिट्टी मी ओळखतो. बावीस वर्षं ऐकली आहे. दमा उठायच्या आधी तिच्या छातीतून तीच यायची. ती आली की मी पंप हातात द्यायचो.

सासू म्हणाल्या, "तिले दम लेऊ दे रे बाप." तिला श्वास घेऊ दे.

मी काय करणार होतो? कुणाच्या हातात पंप देणार?

तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी टेकलं.

दोन बोटं. गार. जोर नव्हता त्यांत, पण घाई होती.

मी हात ओढून घेतला.

सूर अडखळला. पायरी चुकल्यावर माणूस जसा सावरतो, तसा सावरला. आणि पुढे चालू राहिला.

एका रविवारी मी मुद्दाम ड्युटी मागून घेतली. वर्कशॉपमध्ये टायरला हवा भरत होतो. कॉम्प्रेसरचा धडधडाट एकदम बंद झाला. हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघितलं तर तो चढत होता... ती तिथेही आली होती.

तेव्हा भटूला घेऊन मी पिंपळनेरला गेलो.

नवलला मी पहिल्यांदाच बघितलं. पन्नाशीचा, काटक. दोन्ही कानांत कापूस. गिटार खुंटीला होती, तिच्यावर एकही तार नव्हती.

"तुम्ही मला कधी ऐकलं होतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं केलं."

भटू म्हणाला, "असं काय बोलता नवलभाऊ?"

"तू गप रे. टाळ्या नको, हा नियम माझा. शेवटच्याला शिवायचं नाही, हा माझा नाही. तो तुम्ही केला. प्रेमाने केला."

भटूने मान खाली घातली.

नवलने मला विचारलं, "बोटं आली?"

बोटांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूलाही नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिच्यापुढे कुणी बसलेलं नव्हतं ना. आणि हात टेकवायच्या आधी ती गेली. सूर हातात राहिला. आता ती घेणारा शोधणार." त्याने माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. "घ्या तुम्ही. घ्या आणि जमिनीला द्या."

"मग तिचं काय?"

"मग ती सोडेल."

"म्हणजे पुन्हा येणार नाही?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "भटू," तो म्हणाला, "खाली चहा सांग."

मी लगेच तयार झालो नाही. कुणी झालं असतं का, मला सांगा. आठवड्यातली ती काही मिनिटं एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

कुंदाबाईंना हे कळलं. त्या सगळ्यांना घेऊन जळगावला आल्या. दहा जण माझ्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसले. नवल आला नाही.

बारा अकरा झाले. पंख्याचा आवाज गेला.

सूर आला तसे दहाही जणांचे चेहरे पांढरे पडले. आता तो सूर राहिलाच नव्हता. फाटका धागा ओढत न्यावा तसं काहीतरी होतं, आणि खाली ती शिट्टी.

कुंदाबाईंनी मनगट पुढे केलं. "ये गं बाई. माझ्याकडे दे. मी चुकले, माझ्याकडे दे."

मग भटूने हात पुढे केला. मग सगळ्यांनीच. दहा हात, तळवे वर करून.

सूर त्यांच्या पुढून सरकत गेला. एकेकापुढे थोडा थांबायचा आणि पुढे जायचा...

माझ्यापाशी आला.

दोन बोटं टेकली.

मी पुन्हा हात काढून घेतला. सगळ्यांच्या देखत.

पंखा खडखडायला लागल्यावर कुंदाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "राजदीप, हा आवाज मी वॉर्डात ऐकलेला आहे. असं माणसाला फार वेळ ठेवत नाहीत रे."

"ती गेलेली आहे, कुंदाबाई. तिला आता काय त्रास?"

"मग शिट्टी कशाची येते?"



आता जुलै आहे. मागच्या रविवारी सूर तासाच्या वर चालला. सासू कान दाबून मोरीत जाऊन बसल्या. त्यांना म्हणे इतर काही ऐकू येत नाही, हेच येतं.

मी ठरवलं होतं. दाराजवळ मांडी घालून बसलो आणि मनगट स्वतःहून पुढे केलं. डावा तळहात फरशीपासून वीतभर वर धरला.

बोटं आली. 

मी तोंड मिटलं. मला गाता येत नाही. पण सूर आपोआप घशात आला. तिची बोटं सैल व्हायला लागली... एक सुटलं.

आणि तिने श्वास घेतला. चार महिन्यांनी. मी तो ऐकला. लांब, मोकळा, आत जाणारा.

तेवढ्यावर मी फरशीला हात लावायला हवा होता.

माझं तोंड उघडलं. मी म्हणालो, "मित्रा, थांब."

सुटलेलं बोट परत आलं. घट्ट. सूर माझ्या घशातून निघून गेला आणि पलीकडे पुन्हा सुरू झाला... शिट्टीसकट.

मी सांगितलं म्हणून ती थांबली.

आज शनिवार. सासूंना सकाळीच गावी सोडून आलो. कुंदाबाईंचे फोन येतात, मी उचलत नाही. उद्या बारा अकराला ती येईल आणि बोटं ठेवेल.

सूर अजून तिच्याकडेच आहे. मी तो घेतलेला नाही.