आरशात वर गेलेला हात

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझी मावसबहीण आजही डाव्या पायाने लंगडते, हवं तर येऊन बघा.

लहानपणी तिचा पाय कधी एका जागी ठरत नसे, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. पुढे ती नृत्यशाळेत गेली. तिथल्या तिसऱ्या वर्षातली ही गोष्ट.

सोमवार, सकाळचे दहा. लख्ख ऊन. समोर भिंतभर आरसा, जमिनीवर प्रत्येकीच्या जागेला चिकटपट्टीची खूण. भिंगरीची जागा शेवटच्या रांगेत. तिच्यामागे फक्त भिंत.

नाच सुरू होण्याआधी बाई रोज विचारायच्या, "कुणाचं काही दुखतंय? हात वर करा."

दुखणारीने बाकावर बसायचं. पाय वाचावेत म्हणून केलेला नियम! पण शनिवारी मोठ्या कार्यक्रमाची निवड होती, आणि बाकावर बसली ती बाद. मग हात कोण वर करतंय?

भिंगरीची नडगी तीन आठवडे ठणकत होती. ती गोळी गिळायची, पट्टी आवळायची आणि ब्र काढायची नाही.

त्या सोमवारी बाईंनी विचारलं...

आरशात एक हात वर गेला.

भिंगरीच्या खांद्यामागून.

तिने वळून पाहिलं. भिंत.

"चला, सगळ्या ठणठणीत!" म्हणत बाईंनी टाळी वाजवली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी तर त्या हाताची बोटं ताणलेली, जणू कुणी टाचा उंचावून उभं होतं.

"तुला आरशात काही दिसतंय?" तिने शेजारणीला विचारलं.

"हो, तुझं पडलेलं तोंड."

शुक्रवारी भिंगरी ठरवूनच आली. निवड गेली खड्ड्यात, आज सांगून टाकायचं.

"कुणाचं काही दुखतंय?"

तिने हात वर केला. पार डोक्याच्या वर.

आरशात मात्र...

तिचे दोन्ही हात खालीच होते.

ती ओरडली. आवाजच फुटला नाही.

"चला, सगळ्या ठणठणीत!"

टाळी वाजली आणि तिचे पाय आपोआप उचलले गेले. तिसऱ्याच उडीला कट्‌ असा आवाज आला. तो मात्र सगळ्यांनी ऐकला.

हाडाला आधीच चीर होती, डॉक्टर म्हणाले. वेळीच विश्रांती मिळाली असती तर भरून आली असती.

बाई रडत म्हणाल्या, "अगं, एकदा हात तरी वर करायचास!"

"केला होता," भिंगरी म्हणाली.

आता ती त्याच बाकावर बसून मुलींच्या पायांना पट्ट्या बांधते. माझी लेकही तिथेच शिकते.

काल दुपारी भिंगरीचा फोन आला. "ताई... आज तुझ्या लेकीच्या मागे हात वर गेला."

संध्याकाळी लेक घरी आल्या आल्या मी विचारलं, "पाय दुखतोय का गं?"

"छे! काहीतरीच काय, आई?" ती हसली आणि जिना चढू लागली. कठडा धरून.

"उद्या जाऊ नकोस!" मी ओरडले.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

माझा आवाज मलाही ऐकू आला नव्हता.